सप्टेंबर शेवटचा, हेन्ड्रिक्स पहिला: प्रकल्प नोंदी

३१ ऑगस्ट २०२४, शनिवार

सुरुवात केली एकदाची. शेअरबाजाराला सगळ्यात वाईट महिना कुठला ते आकड्यांवरून बघायचं, फोल्डरचं नाव 'हंगाम'. भिडू म्हणाला शेजारी अजून एक फोल्डर कर 'गिटार', कारण गेले तीन महिने आपण ज्यावरून भांडतोय (जगातला एक नंबरचा गिटारवाला कोण) तो पण शेवटी तसलाच प्रश्न आहे ना, एक यादी, त्यात पहिला कोण आणि शेवटचा कोण. मी म्हटलं अरे बाजाराला आकडे आहेत, गिटारवाल्यांना कुठले आकडे. तो म्हणाला बघू. केला फोल्डर.

बाजाराचं काम साधं आहे. एस अँड पी ५०० (अमेरिकेतल्या ५०० मोठ्या कंपन्यांचा इंडेक्स) चा १९२८ पासूनचा रोजचा बंद भाव घ्यायचा, त्यातून प्रत्येक महिन्याचा टक्केवारीतला बदल काढायचा आणि जानेवारी ते डिसेंबर अशा बारा सरासऱ्या मांडायच्या. १९२८ ते २०२३ म्हणजे प्रत्येक महिना ९६ वेळा.

नंतर विसरू नये म्हणून लिहून ठेवतो. एक तर ५०० कंपन्यांचा हा इंडेक्स ४ मार्च १९५७ पासूनचा आहे, त्याआधीची मालिका ९० कंपन्यांची, ती मागे जोडलेली असते. दुसरं म्हणजे यात लाभांश नाही, नुसता भाव. आणि १९५२ पर्यंत तिथे शनिवारी पण अर्धा दिवस बाजार चालायचा, त्यामुळे जुन्या डेटात शनिवार दिसले तर चूक समजून उडवायचे नाहीत. (हे मी उडवणारच होतो, भिडूने थांबवलं.)

१ सप्टेंबर, रविवार

पहिला रिझल्ट आला आणि अगदीच मिळमिळीत आला. बारा महिने जवळपास एका उंचीचे, सप्टेंबर पण सगळ्यांसारखाच. भिडू खूश, "बघ, मी म्हणत होतो, सगळं थोतांड आहे." मला पटेना कारण सप्टेंबर वाईट हे तर कोणीही सांगतं. पण चेक केलं तर डेटा बरोबर दिसत होता, २८ आणि २९ ऑक्टोबर १९२९ ची पडझड जागेवर, १९ ऑक्टोबर १९८७ ला २० टक्क्यांची दरी, ती पण जागेवर. तिन्ही तपासण्या पास म्हणून लॅपटॉप मिटला.

२ सप्टेंबर, सोमवार

अमेरिकेत आज सुट्टी, बाजार बंद, म्हणून निवांत बसलो आणि सापडलं. इतकं मूर्खासारखं आहे की सविस्तर लिहितोच.

मोठ्या मंदीचे तळ कुठे कुठे आहेत ते चार्टवर खुणा करून बघत होतो. १९७४ चा तळ स्क्रिप्टने दाखवला १० मार्चला. मला आठवत होतं की तो ऑक्टोबरात आहे, तरी वाटलं आपलीच आठवण चुकली असेल. मग सहज वार बघितला तर १० मार्च १९७४ रविवार! शनिवार एकवेळ समजू शकतो (तो पण १९५२ पर्यंतच), रविवारी कुठला बाजार. खरी तारीख ३ ऑक्टोबर १९७४, गुरुवार, बंद भाव ६२.२८. फाईलमध्ये ती ०३/१०/१९७४ अशी होती, दिवस आधी, महिना नंतर, आणि माझ्या जुन्या स्क्रिप्टने ते महिना आधी समजून वाचलं.

आता गंमत बघा, दिवस १२ च्या पुढे असेल तर असा घोळ होतच नाही, कारण १९ वा महिना नसतो, मग स्क्रिप्ट गपचूप बरोबर वाचतं. म्हणजे प्रत्येक महिन्याचे पहिले १२ दिवस वर्षभर विखुरलेले आणि १३ पासून पुढे सगळं नीट. आणि मी तपासायला घेतलेले दिवस कुठले, २८, २९ आणि १९. तिन्ही सेफ. जगातले सगळे प्रसिद्ध क्रॅश महिन्याच्या उत्तरार्धात होतात आणि त्यांनीच मला फसवलं.

एका ओळीचा बदल. उद्या परत चालवतो. भिडूला अजून सांगितलेलं नाही.

३ सप्टेंबर, मंगळवार

सांगितलं. दोन मिनिटं नुसता हसत होता.

दुरुस्त डेटावर सप्टेंबर एकदम तळाला, सरासरी उणे १ टक्क्याच्या जरा खाली, आणि ९६ पैकी निम्म्याहून कमी वेळा वर. फेब्रुवारी आणि मे शून्याच्या आसपास घुटमळतात. वरच्या टोकाला जुलै. जुलै म्हणजे ऐन उन्हाळा, ज्यात 'मे मध्ये विका आणि निघून जा' म्हणतात तोच काळ.

पण सरासरीच्या पोटात काय आहे ते बघायला प्रत्येक महिन्याची ९६ वर्षं उतरत्या क्रमाने लावली, तर १९३० चं दशक सगळीकडे धिंगाणा घालतंय. सप्टेंबर १९३१ एकटा उणे ३० टक्के. ३० भागिले ९६ म्हणजे ०.३१, म्हणजे सप्टेंबरच्या सरासरीतला जवळपास एक तृतीयांश टक्का ही त्या एकाच महिन्याची कमाई. जुलैला उलटं, जुलै १९३२ ला सुमारे ३८ टक्के वर, त्याचे जुलैच्या सरासरीत ०.४ टक्के. एप्रिल १९३३ सुमारे ४२ टक्के. हे महिने आठ-दहा दशकांपूर्वी होऊन गेले आणि अजून चार्टवर मान वर काढून बसलेत.

मग सुरुवात १९५० पासून धरून परत चालवलं. सप्टेंबर शेवटचाच राहिला. पण वर जुलै नाही, नोव्हेंबर. म्हणजे सगळ्यात वाईट कोण याचं उत्तर हललं नाही, सगळ्यात चांगला कोण याचं मात्र मी मोजायला कुठून सुरुवात करतो यावर बदललं.

आज बाजार २.१ टक्के पडला बाय द वे. सप्टेंबरचा पहिलाच ट्रेडिंगचा दिवस. चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाचा शेअर तर साडेनऊ टक्के. मला उगाच शहाणा झाल्यासारखं वाटलं.

६ सप्टेंबर, शुक्रवार

आठवड्यात सव्वाचार टक्के साफ. मार्च २०२३ नंतरचा सगळ्यात वाईट आठवडा. माझ्या चार्टवर २०२०, २०२१, २०२२, २०२३ असे चार सप्टेंबर ओळीने लाल आणि हा पाचवा होणार हे समोर दिसतंय. इंडेक्स फंडात थोडे पैसे होते ते आज विकून टाकले. महिनाअखेरीला खाली परत घेईन. नोंद म्हणून लिहून ठेवतो, बंद भाव ५४०८.

भिडू म्हणतो प्रोजेक्ट आहे का सट्टा आहे. म्हटलं प्रात्यक्षिक.

८ सप्टेंबर, रविवार. गिटार

आज त्याचा फोल्डर. रोलिंग स्टोन मासिकाच्या तीन याद्या घेतल्या, २००३, २०११ आणि २०२३, आणि शीटमध्ये हाताने टाईप केल्या. २००३ ची एका संपादकाच्या पसंतीची, २०११ ची स्वतः वाजवणाऱ्या लोकांचं मतदान घेऊन केलेली, आणि २०२३ ची स्टाफने केलेली २५० जणांची.

तिन्हीकडे पहिला जिमी हेन्ड्रिक्स. भिडूने हात वर केले, संपला वाद.

पण खाली बघा ना. एडी व्हॅन हेलन २००३ ला ७० वा, २०११ ला ८ वा, २०२३ ला ४ था. या वीस वर्षांत त्याने असं काय नवीन वाजवलं? त्याचं डाव्या-उजव्या दोन्ही हातांनी फ्रेटवर टॅपिंग (तारा न छेडता बोटांनी ठोकून वाजवणं) १९७८ ला जगाने ऐकलं, तेच. डेव्हिड गिलमोर ८२ वरून १४. कर्ट कोबेन उलटा, १२ वरून ७३. एरिक क्लॅप्टन ४, मग २, मग ३५. जोनी मिशेल ७२, ७५ आणि एकदम ९. पहिल्या दहात तिन्ही वेळा असलेले फक्त पाच जण, हेन्ड्रिक्स, चक बेरी, जिमी पेज, बी. बी. किंग, ड्युएन ऑलमन.

म्हणजे इथे पण तेच झालं. टोकाचा एक जण हलत नाही आणि बाकी सगळे खुर्च्या बदलतात. मी म्हटलं हेन्ड्रिक्स म्हणजे तुमचा सप्टेंबर. त्याला हे अपमानास्पद वाटलं.

माझं मत इथे लिहून ठेवतो म्हणजे नंतर पलटलो असं कोणी म्हणायला नको: जेफ बेक. तो २०११ आणि २०२३ दोन्ही ठिकाणी ५ वा आहे आणि मला ते कमी वाटतं.

१४ सप्टेंबर, शनिवार

पत्ते पिसायची टेस्ट. कल्पना अशी की महिन्यांची नावं म्हणजे नुसती लेबलं आहेत असं समजायचं, सगळे हजाराच्या वर मासिक बदल एका पिशवीत टाकून ढवळायचे आणि परत आंधळेपणाने बारा ढिगांत वाटायचे. मग त्या खोट्या वर्षातला सगळ्यात वाईट ढीग किती वाईट निघाला ते लिहायचं. दहा हजार वेळा.

हे का करायचं, तर बारा महिने आहेत म्हणजे बारा लॉटरीची तिकिटं आहेत. प्रत्येक महिन्याला 'हा योगायोग असायची शक्यता ५ टक्के' असली मोजपट्टी लावली, तर काहीच खरं नसताना बारापैकी निदान एक महिना तरी खास दिसण्याची शक्यता ४६ टक्के होते (०.९५ चा बारावा घात १ मधून वजा करा). जवळपास नाणेफेक. कोणीतरी शेवटचा येणारच ना, बारा पोरं पळवली तर एक शेवटचा येतोच, तो लंगडा आहे असं लगेच ठरत नाही.

रिझल्ट: सप्टेंबर टिकला. खोट्या ढिगांमध्ये इतका खाली गेलेला शेवटचा महिना फारच क्वचित निघाला. १९३१ काढून परत केलं तर जरा जास्त वेळा निघाला, पण तरी क्वचितच. मधले नऊ-दहा महिने मात्र पूर्ण गोंगाट, मार्च चांगला की ऑगस्ट चांगला यावर एक वाक्यसुद्धा बोलायची लायकी त्या आकड्यांची नाही. तरी लोक बारा महिन्यांचे रंगीत तक्ते काढून प्रत्येकाखाली एक कारण लिहितात. मी पण लिहिलं होतं मागच्या वर्षी, डिलीट केलं.

भिडूला बांगलादेशातल्या लोण्याची गोष्ट सांगितली. डेव्हिड लाईनवेबर नावाच्या माणसाने मुद्दाम दाखवून दिलं होतं की बांगलादेशातलं लोण्याचं उत्पादन आणि एस अँड पी ५०० यांचं सॉलिड जुळतं, हवी तेवढी आकडेवारी चाळली की काहीतरी सापडतंच हे सांगायला. तर लोकांनी म्हणे त्यालाच विचारलं की या वर्षीचं लोणी किती.

१९ सप्टेंबर, गुरुवार

काल फेडने (अमेरिकेची मध्यवर्ती बँक) व्याजदर अर्ध्या टक्क्याने कमी केला. आज बाजार १.७ टक्के वर आणि नवा उच्चांक, ५७१३. मी विकलं तिथून साडेपाच टक्के वर. परत घेतलं. त्यावर अजून काही लिहायची इच्छा नाही.

काल मात्र एक भारी प्रकार झाला. १८ सप्टेंबर १९७० ला हेन्ड्रिक्स गेला, २७ वर्षांचा होता. भिडू दरवर्षी त्या दिवशी मेसेज टाकतो. मी मुद्दाम शोधायला बसलो की या तारखेला बाजारात अजून काय काय झालंय, तर १८ सप्टेंबर १८७३ ला जे कुक अँड कंपनी ही त्या काळातली बडी बँक बुडाली आणि त्यातून पुढे न्यूयॉर्कचा शेअरबाजार चक्क दहा दिवस बंद ठेवावा लागला. आणि १८ सप्टेंबर २०२४ ला फेडची कपात. तीन गोष्टी, एक तारीख. पाच मिनिटं अंगावर काटा होता खरंच. मग आठवलं की परवाच लोण्याची गोष्ट कोण सांगत होतं.

२२ सप्टेंबर, रविवार

सप्टेंबरच का, याची कारणं जमवतोय. आकडा टिकतो म्हटल्यावर कारण लागतं, नाहीतर तो पण लोणीच.

सगळ्यात पटलेलं कारण सगळ्यात जुनं आहे आणि आता लागूच होत नाही. फेड १९१३ ला आली, त्याआधी अमेरिकेत शरद ऋतूत पैशाची कायम टंचाई व्हायची. सुगी आली की शेतमाल उचलायला आतल्या भागातल्या बँकांना रोकड लागायची, ती न्यूयॉर्कच्या बँकांकडून खेचली जायची, न्यूयॉर्कमध्ये व्याज कडाडायचं आणि उधारीवर शेअर घेतलेले लोक विकायला धावायचे. १८७३ चा घोळ सप्टेंबरातला, १९०७ चा ऑक्टोबरातला. हे कसं, एकेक पायरी दिसते. प्रॉब्लेम एवढाच की माझा डेटा १९२८ ला सुरू होतो, तेव्हा फेड पंधरा वर्षांची होती.

नंतरच्या काळाची कारणं अशी: सुट्टीवरून परत आलेले लोक एकदम पोर्टफोलिओ आवरतात; अमेरिकन म्युच्युअल फंडांचं कराचं वर्ष ३१ ऑक्टोबरला संपतं म्हणून तोट्यातले शेअर त्याआधी काढून टाकतात. दुसरं कारण निदान तपासता येईल असं आहे, पण मग ऑक्टोबर पण तितकाच वाईट दिसायला हवा, आणि ऑक्टोबरची सरासरी तशी वाईट नाहीच. ऑक्टोबर म्हणजे भयानक दिवसांचा महिना, भयानक महिना नव्हे. १९७४, २००२, २०२२ या तिन्ही मंद्यांचे तळ ऑक्टोबरातच झालेत, अनुक्रमे ३, ९ आणि १२ तारखेला. (तिन्ही दिवस १२ च्या आतले! म्हणजे १ तारखेला यातला कुठलाही एक तपासला असता तर तिथेच कळलं असतं.)

२४ सप्टेंबर, मंगळवार. गिटार, आणि भांडण

१९६६ साली आजच्याच तारखेला हेन्ड्रिक्स लंडनला उतरला. तिथून १८ सप्टेंबर १९७० पर्यंत म्हणजे चार वर्षांना सहा दिवस कमी. जगाने ज्याला ओळखलं तो हेन्ड्रिक्स एवढाच. म्हणून मी आज बाजारवाला प्रश्न टाकला, की चार वर्षांचा रेकॉर्ड असलेल्या फंडाला तू जगातला एक नंबरचा फंड म्हणशील का?

छोट्या सॅम्पलला सरासरीकडे ओढायची एक पद्धत असते. रेकॉर्ड जितका लहान तितका त्याच्यावर विश्वास कमी. मी विश्वासाचं सूत्र घेतलं, वर्षं भागिले (वर्षं अधिक १०). हेन्ड्रिक्सला ४ भागिले १४, म्हणजे ०.२९. जेफ बेक १९६५ ला यार्डबर्ड्स बँडमध्ये आला आणि जानेवारी २०२३ ला गेला, म्हणजे ५७ वर्षं, ५७ भागिले ६७, ०.८५. गुण कितीही दिले तरी एवढ्या फरकापुढे बेकच पुढे.

भिडू खरंच चिडला. म्हणाला तुझ्या या सूत्रात ब्लूजवाल्या रॉबर्ट जॉन्सनचं काय होतं ते सांग, १९३६ आणि १९३७ मिळून २९ गाणी रेकॉर्ड केली आणि गेला, म्हणजे तो शून्य का? आणि म्हणाला, फंडाचा पुढचा महिना मागच्या महिन्यासारखाच नशिबाने येतो म्हणून तिथे सॅम्पल मोठं लागतं, इथे माणसाने मोजपट्टीच बदलली आणि तू त्याच बदललेल्या मोजपट्टीने त्याला मोजतोयस. बेक स्वतः काय ऐकून हादरला होता ते विचार.

मग त्याने मला स्ट्रॅटोकास्टर गिटार उलटी धरून दाखवली. हेन्ड्रिक्स डावरा, उजव्या हाताची गिटार उलटी करून वाजवायचा, तारा परत सरळ क्रमाने लावून. हे मला माहीत होतं. पण त्याने काय बदलतं ते कधी बघितलं नव्हतं. ब्रिजजवळचा (तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथला) पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा चुंबक, तिरका असतो, सरळ गिटारवर त्याचं ब्रिजकडचं टोक बारीक तारांखाली येतं आणि त्या चिरक्या वाजतात. उलटी केली की ते टोक जाड तारांखाली. जाड तारा कडक टणत्कार करतात आणि बारीक तारा गोलसर, मऊ. भिडूने त्याच्या गिटारवर तारा बदलायला अर्धा तास घालवला, मग एकच बेंड (तार ओढून चढवलेला सूर) वाजवला, वरच्या बारीक तारेवर, आणि खरंच त्यातली सुई गेली होती. मी काहीच बोललो नाही.

घरी येऊन त्या सूत्रातल्या १० कडे बघत बसलो. तो १० कुठून आला? मी टाकला. ३ टाकला असता तर हेन्ड्रिक्सला ०.५७ मिळाले असते आणि बेकला ०.९५, फरक बराच कमी, मग गुणांवर भांडता आलं असतं. मला बेक जिंकायला हवा होता म्हणून १० छान वाटला. १९२८ का १९५० हे निदान मी आधी ठरवलं नव्हतं.

२८ सप्टेंबर, शनिवार. गिटार

आंधळी टेस्ट. बारा तुकडे, प्रत्येकी वीस सेकंद, गायकाचा आवाज असलेला भाग टाळून नुसती गिटार. नावं एका कागदावर उलटी घालून ठेवली. माझे ७ बरोबर, भिडूचे ९.

बी. बी. किंग दोघांनीही एका सुरात ओळखला. एक सूर, आणि त्यावर मनगटाची ती फडफड. जेफ बेक मी दुसऱ्या सुरावर ओळखला कारण सुराला सुरुवातच नसते, पिक न वापरता बोटाने छेडायचं आणि करंगळीने व्हॉल्यूमचं बटण फिरवत आवाज आत आणायचा, त्यामुळे सूर आपटत नाही, दार उघडून आल्यासारखा येतो. जँगो राइनहार्ट दोघांना लगेच कळला आणि मग दोघं गप्प, कारण १९२८ च्या आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं जायबंदी झाली होती आणि त्या धावत्या ओळी उरलेल्या दोन बोटांच्या आहेत. भिडू म्हणाला तुमच्यात ते रिस्क ॲडजस्टेड रिटर्न (जोखमीच्या मानाने परतावा) म्हणतात ना, ते लाव इथे. गंमत म्हणून म्हणाला पण मी शीटमध्ये एक कॉलम टाकला, 'हात'.

माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक: पीटर ग्रीनला क्लॅप्टन म्हणालो. १९६६ ला क्लॅप्टन ज्या बँडमधून बाहेर पडला त्याच बँडमध्ये त्याच्या जागी हा आला, दोघांकडे लेस पॉल गिटार, त्यामुळे अगदीच अक्षम्य नाही. पण ग्रीनच्या गिटारचा तो पोकळ, नाकातून आल्यासारखा आवाज, दोन पिकअप उलट फेजमध्ये असल्याने येतो तो, तो ऐकूनही मी क्लॅप्टन लिहिलं. म्हणजे मी आवाज ऐकत नव्हतो, मोठं नाव शोधत होतो.

३० सप्टेंबर, सोमवार

महिना संपला. अधिक २.० टक्के. चार लाल सप्टेंबरांनंतर एक हिरवा. ९७ वी ओळ टाकली, सरासरी दुसऱ्या दशांशात जेमतेम हलली. सरासरीला काहीच फरक पडला नाही, मला साडेपाच टक्के पडला.

१२ ऑक्टोबर, शनिवार

मधे दुसरं काम होतं. आज उरलेल्या म्हणी पटापट निकालात काढल्या.

'जानेवारी जसा तसं वर्ष'. येल हिर्शने १९७२ ला मांडलेली. पहिला गोंधळ हा की जानेवारी स्वतः वर्षाचाच भाग आहे, तो काढून उरलेल्या अकरा महिन्यांशीच तुलना करायला हवी. दुसरा हा की तीनपैकी दोनहून जास्त वर्षं तशीही वरच जातात, त्यामुळे 'वर जाईल' असं डोळे मिटून म्हणणारा माणूस पण हुशार ठरतो. २००९ ला जानेवारी उणे ८.६ आणि वर्ष अधिक २३. २०१८ ला जानेवारी अधिक ५.६ आणि वर्ष उणे ६. पुढे.

सांता रॅली, म्हणजे वर्षाचे शेवटचे पाच आणि नव्या वर्षाचे पहिले दोन ट्रेडिंगचे दिवस बाजार वर जातो म्हणतात ती. सात दिवसांचं सॅम्पल, नंतर कधीतरी.

'मे मध्ये विका'. ही जुनी लंडनची म्हण, पुढचा भाग असा की सेंट लेजरच्या शर्यतीला परत या, ती घोड्यांची शर्यत सप्टेंबरात असते. म्हणजे मूळ म्हणीप्रमाणे परत यायचं ते नेमकं सप्टेंबरात! नंतर कोणीतरी ते हॅलोवीनपर्यंत (३१ ऑक्टोबर) ढकललं. बाऊमन आणि जेकबसन यांचा २००२ चा पेपर आहे, ३७ पैकी ३६ देशांत हिवाळ्याचे सहा महिने उन्हाळ्यापेक्षा सरस निघाले, त्यामुळे हे नुसतं हसण्यावारी नेता येत नाही. माझ्या डेटात पण नोव्हेंबर-एप्रिल पुढे आहे. पण पुढे आहे म्हणजे मे-ऑक्टोबर तोट्याचा आहे असं नाही, तो कमी फायद्याचा आहे, आणि 'निघून जा' मधला माणूस तो कमी फायदा पण सोडून जातो. आणि अधूनमधून चांगलंच उलटं होतं. २००९ चा मे-ऑक्टोबर जवळपास १९ टक्के वर, त्याच्या आधीचा नोव्हेंबर-एप्रिल १० टक्के खाली. २०२० चा मे-ऑक्टोबर १२ टक्के.

भिडूचा आजचा मेसेज: हात कॉलम कोण भरणार?

२९ ऑक्टोबर, मंगळवार

१९२९ चा काळा मंगळवार २९ ऑक्टोबरचा, आणि आज पण मंगळवार. ड्युएन ऑलमन १९७१ साली २९ ऑक्टोबरलाच गेला, २४ वर्षांचा. मी हे भिडूला सांगितलं, त्याने फक्त लिहिलं, "लोणी."

१ नोव्हेंबर, शुक्रवार

ऑक्टोबर उणे १.० टक्के, त्यातही काल एका दिवसात १.९ पडला म्हणून. एप्रिलअखेर ते ऑक्टोबरअखेर पकडून अधिक १३.३. डेटा अपडेट केला, तारखा वाचायच्या ओळीवर कमेंट टाकली 'दिवस आधी!!' आणि तपासणीच्या यादीत २८, २९, १९ यांच्याबरोबर ३ ऑक्टोबर १९७४ घातला. हंगामवाला फोल्डर माझ्यापुरता झाला.

गिटारमधलं माझं सूत्र काढून टाकलं, बेकला पहिला क्रमांक नुसता हाताने लिहिला आणि शेजारी लिहिलं 'कारण मला आवडतो'. भिडूने त्याच्या कॉलममध्ये हेन्ड्रिक्स लिहिलं आणि कारणाच्या जागी 'पिकअप'.

हात कॉलम मी भरला. जँगो: डावा, दोन बोटं. जोनी मिशेल: लहानपणी पोलिओ, डावा हात कमजोर, म्हणून तारा वेगळ्या सुरात लावून सोप्या पकडीत वाजवणं. टोनी आयोमी: पत्र्याच्या कारखान्यात दोन बोटांची टोकं गेली, टोपण्या घालून वाजवतो, डावा.

दहा मिनिटांत भिडूचा मेसेज. "आयोमी डावरा आहे रे, त्याचा फ्रेटवरचा हात उजवा. दिवस आणि महिना परत उलटा केलास."

दुरुस्त केलं.